मोजणारा हात वेगळा हवा : शस्त्र-मूल्यमापन प्रयोगशाळांविषयी वाचकांचे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या नॉर्को गावात अमेरिकी नौदलाची एक मूल्यमापन प्रयोगशाळा आहे. शेजारच्या शहरावरून तिला ‘कोरोना’ म्हणतात. ती बंद करण्याचा विषय १९९५ मध्ये निघाला, २००५ मध्ये पुन्हा निघाला आणि दोन्ही वेळा मागे पडला. गेल्या अंकात आम्ही त्यावर छोटे टिपण दिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि आमच्या तज्ज्ञ मंडळाची उत्तरे इथे देत आहोत. अशा प्रयोगशाळा बंद करू नयेत, असे मंडळाचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : ही प्रयोगशाळा क्षेपणास्त्रे बनवत नाही, डागतही नाही. मग करते काय? (एक वाचक, नाशिक)

तिथे मोजमाप होते आणि निकाल दिला जातो. जहाजाने सरावात क्षेपणास्त्र डागले की उड्डाणातला टेलिमेट्रीचा (क्षेपणास्त्राने रेडिओवरून पाठवलेल्या मापांचा) डेटा, रडारच्या नोंदी आणि जहाजावरच्या संगणकाच्या नोंदी एकत्र लावून पाहाव्या लागतात. लक्ष्य चुकले तर चूक लक्ष्य हेरणाऱ्या शोधकयंत्राची, स्फोट घडवणाऱ्या फ्यूजची, जहाजावरच्या रडारची की माणसाची, हे त्यातून ठरते. चाचणीक्षेत्रावरची उपकरणे बसवणे हे त्यांचे दुसरे काम. तिसरे काम फारसे कुणाच्या नजरेत येत नाही. नौदलात वापरली जाणारी गेज आणि मोजमापाची उपकरणे बरोबर वाचतात की नाही, याची तांत्रिक जबाबदारी कोरोनाकडे आहे.

त्या जागेवर १९२९ मध्ये एक आलिशान क्लब उघडला होता. १९४१ मध्ये नौदलाने तो घेऊन तिथे रुग्णालय केले. १९५१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचा क्षेपणास्त्र विभाग तिथे आला आणि १९५३ मध्ये तो नौदलाकडे गेला. स्वतंत्र मूल्यमापन गट १९६४ चा. त्या सुमारास टेरियर, टार्टर आणि टॅलॉस ही तिन्ही विमानवेधी क्षेपणास्त्रे जहाजांवर चढली होती, पण कागदावर ठरल्याप्रमाणे चालत नव्हती. बनवणारा म्हणे जहाजावर नीट हाताळत नाहीत, जहाजवाले म्हणत मालच खराब. दोघांपैकी कुणाच्याही पगारावर नसलेला तिसरा माणूस हवा होता, त्यातून हा गट उभा राहिला.

प्रश्न : कारखान्याची स्वतःची चाचणी असतेच. तीच कडक केली तर वेगळी संस्था कशाला? (एक वाचक, कोल्हापूर)

कारखान्याची चाचणी हवीच, पण ती पुरत नाही. याचा सर्वांत महागडा पुरावा दुसऱ्या महायुद्धातला मार्क १४ हा अमेरिकी पाणतीर. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या टॉर्पेडो स्टेशननेच तो आखला, बनवला आणि तपासला. युद्ध सुरू झाल्यावर पाणबुड्यांचे कप्तान सांगू लागले, की तीर लक्ष्याखालून निघून जातात. उत्तर ठरलेले होते : तुमचा नेम चुकतो.

जून १९४२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अल्बनीजवळ तिथल्या अमेरिकी पाणबुड्यांचे प्रमुख रिअर ॲडमिरल लॉकवूड यांच्या माणसांनी कोळ्यांचे एक मोठे जाळे विकत घेऊन समुद्रात सोडले आणि त्यातून तीर डागले. १० फुटांवर लावलेला पहिला तीर जाळे २५ फुटांवर फाडून गेला. पुढच्या चाचण्या धरून तीर सरासरी ११ फूट जास्त खोल जात होते.

कारखान्याला हे आधी का दिसले नाही, ते समजून घ्या. सरावासाठी तीराला लावायचे टोक लढाईच्या स्फोटक टोकापेक्षा हलके होते, त्यामुळे चाचणीतला तीर वर राही. शिवाय खोली नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेत जो दोष होता, तोच खोली नोंदवणाऱ्या उपकरणातही होता. चूक करणारे यंत्र आणि ती पकडणारे यंत्र एकाच घरातले, एकाच गृहीतकावर बनलेले. अशी चाचणी कितीही कडक केली, शंभरदा केली, तरी ‘बरोबर’ असेच उत्तर देत राहणार.

खोली दुरुस्त झाल्यावर पुढचा दोष उघडा पडला. जुलै १९४३ मध्ये टिनोसा या पाणबुडीने एका जपानी तेलवाहू जहाजावर १५ तीर सोडले, त्यांतले बहुतेक आदळूनही फुटले नाहीत. मग हवाईतल्या काहोओलावे बेटाच्या कड्यावर तीर डागून न फुटलेला नमुना परत मिळवला. पाठोपाठ क्रेनने ९० फुटांवरून टोके पोलादी पत्र्यावर टाकून पाहिली, स्फोटकाऐवजी आत निष्क्रिय भराव घालून. काटकोनात आदळलेल्या १० पैकी ७ टोकांत स्फोटकाची पिन नीट चालली नाही. तिरके आदळले की हे प्रमाण घटायचे. म्हणजे नेम जितका चांगला, तितका तीर निकामी! जुन्या, कमी वेगाच्या पाणतीरांना पुरणारी पिन ४६ नॉटच्या धक्क्यात मार्गदर्शक खाचेत अडकत होती. हे दोष सापडून दुरुस्त व्हायला डिसेंबर १९४१ पासून १९४३ चा उत्तरार्ध उजाडला. जाळे आणि क्रेन ही काही महाग साधने नव्हेत. न्यूपोर्टचा अहवाल बाजूला ठेवून स्वतः मोजायचा अधिकार कुणाकडे नव्हता, सगळा उशीर तिथे झाला.

प्रश्न : २००५ च्या प्रस्तावात कोरोना बंद करून तेच काम कॅलिफोर्नियातल्याच पॉइंट मुगूच्या तळावर न्यायचे होते. नुसती जागा बदलली तर बिघडले कुठे? (एक वाचक, ठाणे, सध्या मुक्काम सॅन दिएगो)

मोजमापाची प्रयोगशाळा हलवणे हे ऑफिस हलवण्यासारखे नसते. लांबी मोजण्याचे उदाहरण घेऊ. जगभर लांबीचे संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस धरले आहे. पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते. १०० मिलिमीटरची स्लिप गेज (लांबीचा प्रमाण ठोकळा) घेतली तर एका अंशात ती १.१५ मायक्रॉन फुगते. त्या मापाच्या ‘शून्य’ ग्रेडच्या गेजची सूट, म्हणजे मान्य फरक, आहे फक्त ०.३ मायक्रॉन. म्हणजे एका अंशाच्या फरकाने चौपट घोटाळा. म्हणून अशी खोली बांधताना वातानुकूलन बसवून भागत नाही. भिंती, पाया, कंपन, दार उघडल्यावर आत येणारी हवा, उभ्या माणसांच्या अंगची उष्णता, सगळ्याचा हिशेब करून खोली अनेक महिने ‘बसू’ द्यावी लागते आणि तोवर तिच्या नोंदी ठेवाव्या लागतात.

विजेच्या मानकांचे दुखणे वेगळे आहे. व्होल्टेजचे झेनर संदर्भ (ठरावीक व्होल्टेज देणारी उपकरणे) सतत विजेवर ठेवतात, प्रवासातही बॅटरीवर. वीज तुटली की त्या उपकरणाचा वर्षानुवर्षांचा इतिहास तुटला असे समजायचे. त्याचे मूल्य दरवर्षी किती सरकते, ही नोंदच खरी मालमत्ता असते, आणि ती नव्याने जमायला पुन्हा वर्षे लागतात. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यताही ठिकाणाशी बांधलेली असते. नव्या पत्त्यावर नवे मूल्यांकन, मोजमापातल्या अनिश्चिततेची नवी गणिते.

आता हे खालपर्यंत कसे झिरपते पाहा. मोजणारे उपकरण मोजल्या जाणाऱ्या मान्य फरकापेक्षा किमान चौपट अचूक असावे, असा जुना व्यवहारी नियम आहे. वरच्या मानकातली शंका दुप्पट झाली, तर खालच्या प्रत्येक पायरीवर हे गुणोत्तर घसरते. शेवटी कारखान्यातली गो–नोगो गेज (भाग मापात बसतो की नाही एवढेच सांगणारी) चांगला फ्यूज नापास करते किंवा, त्याहून वाईट, खराब फ्यूज पास करते. कुठेच आवाज होत नाही, म्हणून खर्चाच्या तक्त्यात हे कधी दिसत नाही.

डेटाचाही विचार करा. जुन्या डागणीच्या नोंदी चुंबकीय टेपवर असतात. अनेक जुन्या टेपचा चिकट थर ओलसर हवेत सुटतो आणि टेप वाचनयंत्राला चिकटते. ती कमी तापमानाच्या भट्टीत तापवूनच एखाददोनदा वाचता येते. हे कोणत्या टेपला करायचे आणि कोणत्या वाहिनीवर कोणता संकेत आहे, हे त्या जागी वर्षे काढलेल्या माणसांनाच ठाऊक असते. आणि तळ हलला की सगळी माणसे सोबत येत नाहीत. घर, शाळा, नोकरी करणारा जोडीदार, निवृत्तीला उरलेली पाच वर्षे, कारणे साधीच असतात.

प्रश्न : पण पैसे वाचतात ना? (एक वाचक, सोलापूर)

कोरोनाच्या बाबतीत संरक्षण खात्याचाच हिशेब बघा. एकदाचा खर्च सुमारे ८ कोटी डॉलर, वर्षाची बचत सुमारे ६० लाख डॉलर, परतफेडीला १५ वर्षे. एवढ्या काठावरच्या आकड्यात खर्च थोडा चुकला तरी फायद्याचा तोटा होतो. आणि तो चुकतोच. २००५ च्या त्या संपूर्ण तळबंदी फेरीचा (लष्करी तळ बंद करण्याच्या किंवा हलवण्याच्या मोहिमेचा) एकदाचा खर्च आधी २१ अब्ज डॉलर धरला होता, प्रत्यक्षात तो ३५ अब्जांवर गेला. वीस वर्षांतली अंदाजित निव्वळ बचत ३५ अब्जांहून १० अब्जांच्या आत आली. हे अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेने काढलेले आकडे आहेत. त्याच फेरीत न्यू जर्सीचा फोर्ट मॉनमथ बंद झाला, त्याच्या स्थलांतराचा खर्च मूळ अंदाजाच्या सुमारे दुप्पट झाला.

तळबंदीवर निर्णय देणाऱ्या आयोगाने २००५ मध्ये कोरोना यादीतून काढली. तिथे कायद्याची चौकट उपयोगी पडली : सुचवलेली तळबंदी ठरलेल्या निकषांपासून ‘लक्षणीय ढळली’ असे दाखवता आले तर आयोग ती नाकारू शकतो, आणि निकषांत लष्करी मूल्याला पैशाच्या आधीचे स्थान आहे.

प्रश्न : आता संगणकावर सगळे सिम्युलेशन होते. खऱ्या चाचण्या कमी करता येणार नाहीत का? (एक वाचक, पणजी)

येतात, आणि केल्याही जातात. पण सिम्युलेशनचे प्रारूप खऱ्या डागणीच्या डेटावर घासून पाहावे लागते. डेटा देणारी संस्था बंद केली की प्रारूप स्वतःलाच प्रमाणपत्र देऊ लागते. मार्क १४ चा खोलीदर्शक आठवा.

प्रश्न : आपल्याकडे आयुध निर्माणींच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्या झाल्या. कंपनी स्वतः हमी देणार असेल, तर गुणवत्ता हमी महासंचालनालयाच्या तपासणी आस्थापना आकसल्या तर काय बिघडते? (एक वाचक, खडकी)

खडकीत हा प्रश्न यावा हे साहजिक आहे. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया ही कंपनी पुण्यातली, दारूगोळा आणि लष्करी स्फोटकांची नियंत्रणालयेही पुण्यातच, आणि वाहनांचे अहिल्यानगरला. मार्च २०२४ मध्ये महासंचालनालयाच्या फेररचनेची अधिसूचना निघाली. निर्णयाचे टप्पे कमी करणे, चाचणीक्षेत्रे पारदर्शकपणे वाटणे हे तिचे जाहीर हेतू रास्त आहेत. फाइल सहा टेबलांवर फिरणे ही काही गुणवत्ता नव्हे. आमचा आक्षेप वेगळा आहे : टेबले कमी करताना मोजणारी बाके, म्हणजे चाचणीच्या सोयी, कमी होऊ नयेत.

दारूगोळा विकत घेतल्या दिवशी चांगला असतो आणि मग गोदामात म्हातारा होतो. प्रोपेलंटमधले (गोळा पुढे ढकलणाऱ्या दारूतले) नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड सोडते. ते ऑक्साइड विघटन आणखी वाढवतात. त्यांना शोषायला डायफिनाइलअमाइनसारखे स्थिरकारक साधारण एक टक्का घातलेले असते. ते संपत आले की प्रोपेलंट आपोआप पेट घेऊ शकते. अमेरिकी लष्करात प्रभावी स्थिरकारक ०.२० टक्क्यांखाली गेले की तो लॉट (एका खेपेत बनलेला माल) साठवायला असुरक्षित मानतात. हे द्रव-क्रोमॅटोग्राफीने (घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) मोजतात. जोडीला ६५.५ अंशांच्या भट्टीत नमुना ठेवून लाल धूर किती दिवसांनी येतो तेही पाहतात. दहा अंश तापमान वाढले की विघटनाचा वेग दुपटीहून वाढू शकतो, तेव्हा विदर्भातल्या उन्हाळ्यात गोदामाचे छप्पर तापलेले असणे हा तांत्रिक प्रश्न आहे. एका वर्षीचा आकडा फारसे सांगत नाही. त्याच लॉटचे दहा-पंधरा वर्षांचे आकडे एकाच पद्धतीने घेतलेले असतील तरच उतार दिसतो. हमीचा काळ संपल्यावर कंपनी हे का करील?

३१ मे २०१६ ला वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागून अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. तिथल्या सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत असल्याची बाब त्यानंतर चर्चेत आली. साठ्यातल्या मालावर स्वतंत्र नजर का हवी, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

नमुन्यांचे गणितही ध्यानात ठेवा. लॉटमध्ये ५ टक्क्यांहून कमी माल खराब आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे, तर ५९ नमुने तपासून एकही नापास होता कामा नये. १ टक्क्यासाठी हाच आकडा २९९ होतो. पाच गोळे डागून पाचही गेले, एवढ्यावर लॉट पास करा असे कुणी म्हणाले तर त्याला हे दोन आकडे दाखवा.

डागणीतही गफलतीच्या जागा असतात. प्रूफ फायरिंगआधी (नमुना डागून घेतलेल्या चाचणीआधी) चार्ज, म्हणजे प्रोपेलंटचा भरणा, ठरल्या तापमानाला किमान दिवसभर ठेवतात. चेंबरमधून काढल्यावर तो उन्हात पडून राहिला तर नळीतला दाब आणि तोंडवेग (गोळा नळीतून सुटतानाचा वेग) दोन्ही वाढतात आणि कमकुवत लॉट पास होतो. तांब्याच्या क्रशर गेजवर (तांब्याचा तुकडा किती चिरडला त्यावरून दाब सांगणाऱ्या) आलेला दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, पीझो गेज (दाबाने वीज देणाऱ्या स्फटिकाचे) त्याहून जास्त दाखवते. एकावरून दुसऱ्यावर जाताना दोन्ही एकाच वेळी लावून संबंध काढला नाही तर जुना सगळा डेटा तुलनेच्या बाहेर जातो. हे पाहायला माल पास झाला काय न् नापास झाला काय, ज्याला फरक पडत नाही असा माणूस तोफेच्या नळीपाशी उभा हवा.

प्रश्न : मग खासगी प्रयोगशाळा का नकोत? (एक वाचक, बेळगाव)

नकोत असे नाहीच. २०२० मध्ये केंद्राने ४०० कोटींची संरक्षण चाचणी सुविधा योजना आणली, त्यात उभारणीचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च सरकारने देण्याची तरतूद होती. पर्यावरण-चाचणी, विद्युतचुंबकीय सुसंगती, ड्रोनची चाचणी यांसाठी ही चांगली सोय आहे. ब्रिटनने २००१ मध्ये आपली संरक्षण संशोधन आणि मूल्यमापन संस्था दुभागली. मोठा भाग किनेटिक ही कंपनी झाला आणि चाचणीक्षेत्रे चालवण्याचे दीर्घ कंत्राट तिला गेले. पण त्यांनीही डीएसटीएल (संरक्षण विज्ञान आणि तंत्रज्ञान प्रयोगशाळा) हा भाग सरकारकडे राखला, कारण सरकारला कुणाच्याही हितापलीकडचा सल्ला लागतो. बाक भाड्याने घेता येते. नमुना कोणता काढायचा, निकष कोणता लावायचा आणि नापास म्हणायचे की नाही, हे भाड्याने देऊ नये.

अमेरिकाही यात डळमळते आहे. १९८३ मध्ये तिथल्या संसदेने शस्त्रांच्या प्रत्यक्ष वापर-चाचणीवर देखरेख करणारे स्वतंत्र कार्यालय कायद्याने उभे केले. मे २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी ते ३० मुलकी कर्मचारी, १५ लष्करी अधिकारी आणि एक वरिष्ठ अधिकारी एवढ्यावर आणण्याचा आदेश दिला. त्यांनी केले म्हणून आपणही करावे असे त्यात काही नाही.

प्रश्न : आमच्या आस्थापनेचा विभाग दुसरीकडे विलीन होणार अशी कुणकुण आहे. निवेदन कसे लिहावे? (एक वाचक, अहिल्यानगर)

आधी मर्यादा. मुलकी कर्मचाऱ्यांना १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत. सरकारी धोरणावर वृत्तपत्रांत टीका करता येत नाही, बदली-बढतीसाठी राजकीय वजन वापरता येत नाही. निवेदन मान्यताप्राप्त संघटनेमार्फत किंवा वरिष्ठांमार्फत द्या. साठ्याचे आकडे, चाचणीचे निकाल, त्रुटींचे तपशील यांतले काहीही गोपनीय त्यात येऊ देऊ नका. क्षमता सांगा, निकाल सांगू नका.

नोकऱ्यांपासून सुरुवात करू नका. समिती तो कागद बाजूला ठेवते. पहिल्या पानावर एक तक्ता द्या : आपण कोणती मोजमापे करतो, प्रत्येकाची अनिश्चितता किती, देशात ते दुसरीकडे कुठे होते आणि तिथे रांग किती महिन्यांची. दुसरे ठिकाण नसेल तर ‘एकमेव’ हा शब्द पुराव्यासह लिहा. असेल तर तसे सरळ लिहा, लपवलेली गोष्ट समितीला सापडली की बाकीचा कागदही पडतो.

पुढे स्थलांतराचा हिशेब स्वतः मांडा. उपकरणनिहाय : काढणे, वाहतूक, बसवणे, पुन्हा कॅलिब्रेशन (मानकाशी ताडून पाहणे), मान्यता. प्रत्येकापुढे महिने लिहा आणि त्या काळात काम कुठे होणार ते विचारा. दोन्ही ठिकाणी समांतर मोजमाप किमान एक पूर्ण कॅलिब्रेशन-आवर्तन चालावे अशी मागणी करा. ही मागणी नाकारणे कुणालाही अवघड जाते आणि प्रस्तावाच्या बचतीत ती हमखास धरलेली नसते. ज्या मालाचे सीलबंद (अधिकृत) तांत्रिक तपशील राखण्याची, म्हणजे एएचएसपीची, जबाबदारी आपल्याकडे आहे त्याची यादी जोडा आणि ती कोणाकडे, किती तारखेला, कोणाच्या सहीने जाणार ते लेखी विचारा.

माणसांबद्दल लिहाल ते कौशल्यानुसार लिहा. ‘४० कर्मचारी’ असे नको. ‘क्रशर गेजचे तांब्याचे तुकडे मोजणारे ३, त्यांतले २ पुढच्या दोन वर्षांत निवृत्त, नवा माणूस तयार व्हायला इतका काळ’ असे हवे. यातले आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा. आणि पर्याय द्या : कोणती कामे खरेच दोन ठिकाणी होतात, कोणते बाक बंद केले तरी चालेल, कोणती पायरी गाळता येईल. नंतर खासदारांपर्यंत किंवा संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपर्यंत विषय न्यायचा असेल तर संघटनेने एक पानाचा सारांश वेगळा ठेवावा, त्यात फक्त समांतर मोजमापाचा कालावधी, एएचएसपीच्या हस्तांतराची तारीख आणि ‘एकमेव’ सुविधांची यादी, एवढेच.